आधी सेन्सर, मग मॅगचं डिझाइन

मॅग व्हीलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांच्या, दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "डिझाइन कुठलं दाखवू?" भिंतीवर चाकं टांगलेली असतात. काळी, सोनेरी, कडेला लाल रेघ मारलेली. दुसरा प्रश्न पीसीडीचा, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाचा, तिसरा बजेटचा. टायरच्या आत हवेचा दाब मोजणारे सेन्सर आहेत का, हे आपण होऊन सांगेपर्यंत कुणी विचारत नाही, आणि सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मी माझ्या गाडीला नवी चाकं घेताना हा क्रम उलटा लावला. आधी सेन्सर बसतो का ते दाखवा, मग रंगाचं बोलू. त्यापायी बऱ्याच दुकानदारांची नाराजी पत्करावी लागली.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की बोलणं मायलेजवर घसरतं. मध्यम आकाराची एसयूव्ही, २१५/६० आर १७ टायर, पाच नट, पीसीडी ११४.३, मधला बोअर म्हणजे मधलं भोक ६७.१ मिलिमीटर, नट १२ × १.५. जाणकारांना एवढं पुरे.

माझं सासर चिपळूणचं. पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट हा आमचा नेहमीचा रस्ता. पावसाळा संपता संपता पाटणच्या पुढे एका पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात डावीकडचं पुढचं चाक दणकन बसलं. स्टिअरिंग सरळ होतं, गाडी कुठे ओढत नव्हती. मीटरवर चारही चाकांचा दाब दाखवणारं पान उघडलं तर बाकीची तिन्ही चाकं ३५-३६ पीएसआयवर आणि डावीकडचं पुढचं ३१. थोड्या वेळानं २९. कोयनानगरला थांबून उतरले. बाहेरून टायर अगदी शहाणा, लाथ मारून बघणाऱ्याला काहीच कळलं नसतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून मोबाइलच्या उजेडात आत डोकावलं तेव्हा रिमची आतली कड चेपलेली दिसली आणि तिथून निघालेली बारीक चीर. अंधार पडायला आला होता, पुढे घाट होता, मागे लेकरं झोपलेली. ती मीटरवरची संख्या दिसली नसती तर घाटाच्या मध्यावर टायर बसला असता. तेव्हापासून त्या सेन्सरबद्दल माझं मत पक्कं आहे, आणि पुढचा सगळा खटाटोप त्या मतापायीच.

स्टेपनी लावली. आमची स्टेपनी सोळा इंची, लोखंडी, तिच्यात सेन्सर नाही. त्यामुळे गाडी सुरू केली की मीटरवरचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकायचा आणि मग तसाच पेटून राहायचा. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. दिवा थेट पेटला आणि स्थिर राहिला तर कुठल्या तरी चाकात हवा कमी आहे. आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर हवेचं काही नाही, यंत्रणेतच बिघाड आहे किंवा एखादा सेन्सर सापडत नाहीये.

चिपळुणात एकानं "वेल्डिंग मारून देतो, नव्यासारखी होईल" असं सांगितलं. वेल्डिंग होतं, हवाही धरते. पण ॲल्युमिनियमची रिम ओतल्यावर तिला उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेलं असतं आणि वेल्डिंगच्या आचेनं नेमकी त्याच जागची ताकद जाते. पुढच्या चाकाला, घाटात, मुलं मागे बसवून? नको. पुण्यात परत आल्यावर सर्व्हिस सेंटरमध्ये कंपनीच्या एका रिमचा भाव विचारला, किती दिवस थांबावं लागेल तेही विचारलं. नवरा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "एवढ्यात बाहेरच्या चार येतील आणि वर जेवण होईल." जेवणाचं त्यानं वाढवून सांगितलं, पण दिशा बरोबर होती.

पहिलं काम केलं ते म्हणजे चिरलेल्या रिमवरून टायर उतरवून आतला सेन्सर काढून घेतला. काडेपेटीएवढा काळा डबा, त्याला जोडलेली धातूची नळी आणि नळीवर नट. म्हणजे आपण ज्यातून हवा भरतो तो व्हॉल्व्ह आणि सेन्सर ही एकच वस्तू. काही गाड्यांत हीच नळी रबराची असते, भोकातून ओढून बसवायची. आमची धातूची, बाहेरून नट आवळायची. आत दाब मोजणारी चिप, तापमान मोजणारी चिप, चाक फिरतंय की नाही ते ओळखणारी एक आणि डब्यातच रसायन ओतून कायमची बंद केलेली लिथियमची बॅटरी. गाडी उभी असली की हा बहुतेक वेळ झोपलेला असतो, चाक फिरायला लागलं की जागा होतो आणि ४३३ मेगाहर्ट्‌झवर आपला क्रमांक, दाब आणि तापमान सांगत राहतो. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा, म्हणून शेजारच्या गाडीचा दाब आपल्या मीटरवर येत नाही.

सगळ्याच गाड्यांत असा डबा नसतो, हे दुकानात जायच्या आधी बघून घ्यावं. काही गाड्या एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरवरूनच अंदाज बांधतात. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित कमी होतो, ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं, त्यावरून. तुमच्या मीटरवर प्रत्येक चाकाचा आकडा न दिसता नुसताच दिवा लागत असेल आणि गाडीत 'सेट' किंवा 'रिसेट'चं बटण असेल, तर बहुधा तुमची गाडी या दुसऱ्या जातीची. मग रिम बदलताना आत काही हलवायचं नाही, हवा नीट भरून ते बटण दाबलं की झालं. खालची माझी कटकट त्यांनी सोडून दिली तरी चालेल.

तो सेन्सर एका पिशवीत घालून पर्समध्ये टाकला आणि दुकानं फिरायला लागले.

पहिल्या दुकानातल्या मुलानं तो हातात घेऊन इकडून तिकडून पाहिला. "ताई, हे काढून टाकू. साधा व्हॉल्व्ह बसवतो. लई गाड्या केल्यात." मी म्हटलं, दिवा पेटेल. "दिव्यावर काळी पट्टी लावतात लोक." मी म्हटलं, मला दिवा झाकायचा नाहीये, मला दाब बघायचा आहे. मग त्यानं ठेवणीतलं वाक्य काढलं, "साहेबांना एकदा फोन करून विचारा ना." साहेब त्या वेळी घरी पोळ्या लाटत होते, आणि त्यांना पीसीडी म्हणजे काय ते माहीत नाही. गाडी माझी, लायसन्स माझं, ईएमआय माझा. हे सगळं तिथे सांगत बसले नाही, सेन्सर परत घेतला आणि निघाले.

दुसऱ्या ठिकाणचा मालक जाणकार होता, पण त्याचंही म्हणणं तेच, फक्त भाषा गोड. "कंपनीवाले उगाच देतात हो." उगाच देत नाहीत. अमेरिकेत २००० साली त्यासाठी कायदा झाला आणि २००८ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या कारना. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली की साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि दाब सांगणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल. म्हणजे स्टेपनीशिवाय येणाऱ्या गाडीत हे सेन्सर स्टेपनीच्याच बदल्यात आलेले असतात. ते काढून पट्टी चिकटवली की हातात उरलं काय?

मधल्या काळात भाच्यानं प्रकरण हातात घेतलं. त्याला अठरा इंची काळे मॅग हवे होते. "मामी, २३५/५० आर १८ टाक, बाहेरचा व्यास तोच राहतो." त्याचं गणित बरोबर आहे. माझ्या आत्ताच्या टायरचा व्यास ६९० मिलिमीटर आणि त्याच्या टायरचा ६९२, स्पीडोमीटरला फरकही कळणार नाही. पण व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की टायरची भिंत बारीक होते. आत्ता ती १२९ मिलिमीटर आहे, तिथे साडेअकरा मिलिमीटर कमी. खड्ड्याचा दणका रिमपर्यंत पोचायच्या आधी जी काही उशी असते ती एवढीच, आणि मी रिम चिरली म्हणूनच दुकानात आले आहे. शिवाय निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक असलेले टायर टाकून द्यायचे. तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा रोख एकच की निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल करू नका. सतरा इंचाच्या जागी सतरा इंच, तोच टायर, यात कुणाला बोट ठेवायला जागा राहत नाही. भाचा दोन दिवस बोलला नाही. नंतर सतरा इंचातला काळा शोधून घेऊन आला.

आता रिमचं. जुन्या रिमच्या पाठीवर सगळी कुंडली कोरलेली असते, ती वाचून वहीत उतरवली होती. रुंदी, ऑफसेट, एका चाकावर जास्तीत जास्त किती किलो. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे तो आकडा. तो कमी झाला की चाक बाहेर सरकतं. दुकानात सर्रास ३५-३८ ऑफसेटच्या रिम दाखवतात, कारण बाहेर आलेलं चाक रुबाबदार दिसतं. दिसतं खरं. पण माझ्या गाडीवर ते दहा-बारा मिलिमीटर बाहेर आलं असतं. चिखल दारावर उडतो, बेअरिंगवर भार वाढतो, स्टिअरिंगला खड्डे जास्त जाणवतात. मूळ आकड्याच्या पाच मिलिमीटरच्या आतबाहेर जे मिळेल तेवढंच दाखवा, असं सांगितलं की भिंतीवरची तीन चतुर्थांश चाकं आपोआप बाद होतात. निवड सोपी होते.

मधला बोअर हा दुसरा मुद्दा. बाहेरच्या रिम अनेक गाड्यांना बसाव्यात म्हणून त्यांचं मधलं भोक मोठं ठेवतात, बहुतेक ७३.१. माझ्या हबचा व्यास ६७.१. मधल्या सहा मिलिमीटरच्या फटीसाठी हब रिंग नावाची एक कडी येते, प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची. ती नसेल तर चाक फक्त नटांवर मध्यात येतं आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग लोक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देतात. रिंग फुकटात मिळते, पण मागावी लागते.

पाठीवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए असे शिक्के ओतलेले आहेत का तेही पाहिलं. ही जपानी चाचण्यांची खूण. शिक्का खोटाही ओतता येतो, हे मान्य. पण ज्या रिमवर ना शिक्का, ना भाराचा आकडा, ना बनवणाऱ्याचं नाव, ती घ्यायची कशाच्या भरवशावर?

आता मुख्य गोष्ट. स्वारगेटच्या बाजूला एका जुन्या दुकानातल्या काकांनी माझ्या पर्समधला सेन्सर पाहिल्यावर कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. ते म्हणाले, "बरं केलं बरोबर आणलात. बसवून बघू." भाच्याला आवडलेली काळी रिम खाली काढली, पालथी घातली आणि सेन्सरची नळी व्हॉल्व्हच्या भोकातून आत घातली. भोक बरोबर होतं, ११.३ मिलिमीटर. नळी सरळ गेली. पण बाहेरून नट घालायला गेल्यावर कळलं की भोकाभोवतीची खोबण इतकी अरुंद की नटावर पानाच बसत नाही. साध्या रबरी व्हॉल्व्हला नट नसतो, त्यामुळे ही खोबण कशीही असली तरी चालते, आणि रिम बनवणाऱ्यानं तेवढाच विचार केलेला. काकांनी रिम आडवी केली आणि आतल्या बाजूला बोट लावून दाखवलं, "हे बघा." सेन्सरचा डबा रिमच्या खोलगट भागात टेकला नव्हता. एक टोक हवेत होतं, आणि त्या टोकाची उंची टायरची कड जिथून सरकते त्या उंचवट्याच्या वर होती. टायर चढवताना कड त्यावरून घासत गेली असती आणि डबा फुटला असता. फुटल्याचं कळलं असतं कधी, तर सगळं आवळून, पैसे देऊन, गाडी रस्त्यावर आल्यावर.

भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

दुसरी रिम काढली, राखाडी, पाच दुहेरी आऱ्यांची. दिसायला साधीच. खोबण रुंद, भोकाभोवती यंत्रावर घासून सपाट केलेली जागा, नटाखालचं रबर तिथे चारही बाजूंनी सारखं टेकलं. डबा खोलगट भागात पूर्ण पडला आणि त्याच्या वर बोटाच्या पेराएवढी जागा राहिली. ऑफसेट चालणारा, बोअर ७३.१, भाराचा आकडा मूळ रिमपेक्षा थोडा जास्तच. भाव चाळीस हजारांच्या घरात, घासाघीस करून थोडा खाली. घेतली.

नटांचंही तिथेच बघितलं. माझे मूळ नट साठ अंशाच्या शंकूचे, आणि नव्या रिमची बैठकही तशीच, म्हणून चालले असते. काही कंपन्यांच्या गाड्यांना गोल बैठकीचे किंवा वॉशरचे नट असतात. ते शंकूच्या बैठकीवर आवळले तर घट्ट लागल्यासारखे वाटतात आणि चालताना सुटतात. आमची अडचण वेगळीच निघाली. नटाचं डोकं २१ मिलिमीटरचं आणि नव्या रिमची भोकं अरुंद, त्यामुळे जाड सॉकेट आत जाईना. १९ मिलिमीटर डोक्याचे, त्याच आट्यांचे, तसेच शंकूचे नट घेतले. मग लगेच विचारलं, गाडीतला पाना २१ चा आहे, घाटात पंक्चर झालं तर? काका हसले आणि १९ चा एक एल-पाना बिलात न लावता डिकीत टाकला. स्टेपनीच्या लोखंडी रिमवर हेच नट बसतात की नाही, तेही तिथेच लावून बघितलं. बसतात.

बसवायच्या दिवशी मी सकाळी पहिली गाडी म्हणून गेले. टायर थंड असतात आणि कारागिरांचं डोकंही.

काकांकडे हातात मावेल असं एक यंत्र होतं. ते व्हॉल्व्हजवळ टायरला लावून बटण दाबलं की १२५ किलोहर्ट्‌झचा इशारा जातो, झोपलेला सेन्सर जागा होऊन क्रमांक, दाब, तापमान आणि बॅटरीची अवस्था सांगतो. काही उघडायच्या आधी चारही सेन्सर वाचून घ्या, असा मी आग्रह धरला आणि प्रत्येकाच्या आठ अक्षरी क्रमांकाचा फोटो काढला. नंतर एखादा बोलेनासा झाला तर "आधीपासूनच बंद होता" ही ओळ ऐकावी लागू नये म्हणून. चारही बोलत होते.

टायर उतरवताना गडबड होते ती बीड, म्हणजे टायरची रिमला धरणारी कड, फोडणाऱ्या फावड्यापाशी. ते यंत्राचं फावडं टायरच्या कडेला रिमपासून दाबून सोडवतं. व्हॉल्व्हच्या जवळ लावलं तर सेन्सर थेट खाली सापडतो. कारागीर मुलगा तयार होता, त्यानं व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं सुरुवात केली आणि टायर काढताना व्हॉल्व्ह यंत्राच्या डोक्याजवळ राहील असा धरला. तीन टायर असे सुखरूप निघाले.

उजवीकडच्या मागच्या चाकानं दगा दिला. तिथे आधी कधीतरी हायवेवर पंक्चर काढताना कुणीतरी व्हॉल्व्हच्या आतली पिन बदलून साधी पितळी घातली होती, वर चमकदार धातूचं टोपण. ॲल्युमिनियमच्या नळीत पितळ आणि त्यात कोकणातला ओलावा. पिन आणि नळी दोन्ही एकमेकांना इतकी धरून बसली होती की पिन फिरवली तेव्हा नळीच चिरली. या नळ्यांना निकेलचा मुलामा दिलेलीच पिन लागते आणि टोपण प्लास्टिकचं, आत रबराची चकती असलेलं. साध्या दिसणाऱ्या काळ्या टोपणाचं काम एवढं मोठं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

नळी त्या डब्याला सुटी नव्हती, म्हणजे सेन्सर नवा घेणं आलं. इथे ते यंत्र कामी आलं. काकांकडे कोरे सेन्सर होते, ४३३ मेगाहर्ट्‌झचे. ऑनलाइन स्वस्तात ३१५ वाले दिसतात, ते अमेरिका-जपानच्या गाड्यांसाठीचे, आपल्या गाडीला ते ऐकूच येत नाहीत. जुन्या सेन्सरचा डबा शाबूत होता, त्यामुळे त्याचा क्रमांक वाचून तोच क्रमांक कोऱ्या सेन्सरवर उतरवला. गाडीच्या लेखी काहीच बदललं नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला हातही लावावा लागला नाही आणि सर्व्हिस सेंटरची फेरी वाचली. अडीच-तीन हजार गेले, ते त्या पितळी पिनेच्या खात्यावर.

उरलेल्या तीन सेन्सरचे रबर, वॉशर, नट आणि पिना नव्या घातल्या. त्याचं वेगळं किट मिळतं, फार महाग नसतं. टायर रिमवरून निघाला की ते बदलायचंच, कारण नटाखाली दबलेलं रबर दुसऱ्यांदा तसं बसत नाही. सेन्सरचा नट आवळायला काकांनी लहान टॉर्क पाना काढला. सेन्सरप्रमाणे चार ते आठ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो, मनगटाच्या जोरानं आवळला तर नळीच तुटते. आवळल्यावर थोड्या वेळानं रबर बसतं आणि नट किंचित सैल वाटतो. तेव्हा पुन्हा आवळायचा मोह आवरायचा, हे काकांनी मुलाला दोनदा बजावलं.

टायर चढले, हवा भरली, बीड बसल्याचे दोन ठोके ऐकू आले. व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. बॅलन्सिंग सेन्सरसकट झालं. डब्याचं तीसएक ग्रॅम वजन व्हॉल्व्हच्या बाजूला असतं, म्हणून समोरच्या बाजूला जास्त वजनं चिकटवावी लागली. ती आतल्या बाजूला, ब्रेकच्या कॅलिपरला घासणार नाहीत अशा जागी लावायला सांगितलं. हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढला, हब रिंग बसवल्या, नट आधी हातानं, मग चांदणीच्या आकारात एकाआड एक.

मुलगा एअर गन घेऊन पुढे आला तेव्हा मी मध्ये पडले. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ११ ते १३ किलोग्रॅम-मीटर लिहिलंय, म्हणजे १०७ ते १२७ न्यूटन-मीटर. गन किती आवळते ते गनलाच ठाऊक. काकांनी मोठा टॉर्क पाना दिला आणि मुलानं माझ्याकडे बघत बघत वीस नट त्यावर आवळले, प्रत्येकाला 'टक' आवाज येईपर्यंत. साधारण शंभर किलोमीटरनंतर परत येऊन हेच तपासायचं, नव्या रिमची बैठक थोडी दबते म्हणून. मी गेले तेव्हा दोन नटांनी किंचित हालचाल केली.

दुकानातून निघताना मीटरवर आकडे नव्हते. आकड्यांच्या जागी 'ड्राइव्ह टू डिस्प्ले' असं आलं. हे बघून पुष्कळ लोक तिथूनच परत फिरतात आणि दुकानदाराशी भांडतात. सेन्सर जागे व्हायला चाकं फिरावी लागतात. सातारा रस्त्यानं कात्रजच्या दिशेनं निघाले. थोड्या अंतरावर पुढचे दोन आकडे उगवले, मग मागचा डावा. मागचा उजवा, म्हणजे नवा सेन्सर, बराच वेळ गप्प. भाचा मागे वळून वळून चाकाकडे बघत होता, जणू ते बाहेरून दिसणार होतं. बोगद्याच्या अलीकडे तोही आला, ३४. पिवळा दिवा गेला.

आकडा दिसला म्हणजे तो योग्य चाकाचाच आहे असं नाही. रिम उतरवताना चाकांची अदलाबदल झाली असेल तर काही गाड्या नवी जागा आपोआप ओळखतात, काहींना यंत्रानं शिकवावी लागते. घरी आल्यावर मागच्या उजव्या चाकातली थोडी हवा सोडली, एक चक्कर मारली आणि मीटरवर कोपरा कुठला कमी झाला ते पाहिलं. मागचा उजवाच. डाव्या पुढच्याचंही तसंच केलं. सकाळी थंड टायरवर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून घेतली. चालवल्यावर तापून ती तीन-चार पीएसआय वर जाते, ती काढायची नसते. पेट्रोल पंपावरचा मुलगा गरम टायरमधली 'जास्तीची' हवा सोडायला निघाला तर त्याला थांबवायचं.

विमा कंपनीला मेल करून नव्या रिम पॉलिसीवर नोंदवून घेतल्या, थोडा हप्ता वाढला. नाही नोंदवल्या तर चोरीला गेल्यावर भरपाईत त्या धरत नाहीत. जुन्या तीन चांगल्या रिम काकांनीच विकून दिल्या, चिरलेली भंगारवाल्यानं ॲल्युमिनियमच्या भावानं नेली.

हायवेवरच्या पंक्चरवाल्यांसाठी चारही व्हॉल्व्हजवळ रिमच्या आतल्या बाजूला लाल स्टिकर लावलेत, 'आत सेन्सर आहे'. टायरमध्ये ओतायचं पंक्चरचं लिक्विड तर अजिबात नको, ते सेन्सरच्या बारीक भोकात जाऊन घट्ट होतं. काही जण स्टिकर वाचतात, काही वाचत नाहीत, म्हणून मी शेजारी उभी राहते. मूळ तीन सेन्सरच्या बॅटऱ्या गाडीइतक्याच जुन्या आहेत. अशी बॅटरी पाच ते दहा वर्षं चालते आणि ती एकटी बदलता येत नाही. काकांचं म्हणणं, पुढचे टायर घ्याल तेव्हा तिन्ही एकदमच बदलून टाका, टायर उतरवायची मजुरी दोनदा नको. भाच्याला अजून वाटतं की तेव्हा तरी अठरा इंच होतील.